विमानतळावर तिकीट अन् आधार चार-चारदा का बघतात? नागपूरहून पहिल्यांदा उडणाऱ्यांसाठी समजून घ्यायच्या गोष्टी

यवतमाळ : जिल्ह्यातून विमानाने जाणाऱ्यांची संख्या आता पूर्वीसारखी बोटावर मोजण्याइतकी राहिली नाही. कुणी मुंबईला टाटा रुग्णालयात पेशंट घेऊन जातो, कुणाचा पोरगा पुण्यात नोकरीला आहे, तर कुणी हजला किंवा आखाती देशात कामाला जातो. यवतमाळजवळ भारी येथे धावपट्टी आहे, पण तिथून प्रवासी विमानं सुटत नाहीत. त्यामुळे बहुतेकांना सुमारे दीडशे किलोमीटरवरचं नागपूर गाठावं लागतं. उमरखेड-महागावकडच्यांना नांदेड जवळ पडतं. एप्रिल 2025 पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरूनही मुंबईची सेवा सुरू झाली आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते. "दारात तिकीट पाहिलं, आधार पाहिलं. आत गेलो तर पुन्हा तेच. मग पुन्हा, अन् विमानात चढताना पुन्हा! आम्ही काय चोर आहोत का?" तक्रार समजण्यासारखी आहे. एसटीत कंडक्टर एकदा तिकीट देतो, फार तर मध्येच तपासणीचं पथक चढतं. मग इथेच एवढं कशाला?

कागद तोच, प्रश्न वेगळा

प्रत्येक ठिकाणी कागद तोच मागतात, पण तपासतात वेगळी गोष्ट. माणसंही वेगवेगळ्या खात्याची असतात.

पहिला टप्पा टर्मिनलच्या दारात. इथे सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो. त्याला एवढंच पाहायचं असतं की आज तुमचा प्रवास आहे का आणि तिकिटावरचा माणूस तुम्हीच आहात का. सोडायला आलेली मंडळी इथेच थांबतात.

दुसरा टप्पा विमान कंपनीचा काउंटर. इथले कर्मचारी कंपनीचे असतात. ते मोठी बॅग घेतात, तिला तुमच्या नावाची चिठ्ठी लावतात आणि बोर्डिंग पास देतात. ही बॅग कुणाची, हे इथे पक्कं होतं.

तिसरा टप्पा सुरक्षा तपासणी. इथे परत सीआयएसएफ. हातातलं सामान मशीनमधून जातं, अंगाची तपासणी होते. तपासणी न झालेला एकही माणूस आत जाता कामा नये, हे इथे पाहतात.

चौथा टप्पा विमानाकडे जाणारं गेट. इथे पुन्हा कंपनीची माणसं. हा माणूस याच विमानाचा आहे का आणि बोर्डिंग पास घेतलेले सगळे चढले का, याचा हिशेब इथे लागतो.

परदेशी जायचं असेल तर यात पासपोर्ट-व्हिसा पाहणारा इमिग्रेशनचा टप्पा वाढतो.

नियम कुठून आले?

हे नियम मोठ्या दुर्घटनांनंतर एकेक करून आले आहेत.

सप्टेंबर 1976 मध्ये दिल्लीहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवून लाहोरला नेण्यात आलं. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून 1978 मध्ये विमान सुरक्षेसाठी वेगळा कक्ष तयार झाला. तोच आजचा नागरी विमान सुरक्षा ब्यूरो, म्हणजे बीसीएएस. देशातल्या विमानतळांवर काय तपासायचं याचे नियम हाच ब्यूरो ठरवतो.

23 जून 1985 रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बस्फोटात कोसळलं. 329 जणांचा जीव गेला. बॉम्ब एका बॅगेत होता. ती बॅग कॅनडातल्या व्हँकुव्हर विमानतळावर एकाने जमा केली, पण तो स्वतः विमानात बसलाच नाही. बॅग गेली, माणूस मागे राहिला. त्यामुळेच आज बॅग जमा करून प्रवासी गेटवर आला नाही, तर त्याची बॅग शोधून विमानातून उतरवली जाते.

24 डिसेंबर 1999 ला काठमांडूहून दिल्लीला येणारं आयसी-814 विमान पळवून अफगाणिस्तानातल्या कंदाहारला नेलं गेलं. प्रवाशांच्या सुटकेसाठी सरकारला तीन दहशतवादी सोडावे लागले. त्याआधी विमानतळांची सुरक्षा राज्यांच्या पोलिसांकडे असायची. या घटनेनंतर फेब्रुवारी 2000 मध्ये जयपूरपासून सुरुवात करून ती सीआयएसएफकडे देण्यात आली. नागपूरलाही आज हेच दल आहे.

आत गेल्यावर पुन्हा कशाला?

एकदा दारात पाहिलं, मग गेटवर पुन्हा का? कारण आत गेल्यावर बोर्डिंग पासची अदलाबदल होऊ शकते. 2023 मध्ये मुंबई विमानतळावर असंच झालं. काठमांडूला जाणाऱ्या एका परदेशी प्रवाशाने लंडनच्या प्रवाशासोबत पास बदलून घेतला. दोघंही आपापल्या पासवर रीतसर आत आले होते. अदलाबदल झाली ती आतच.

सगळंच गरजेचं आहे का?

तसंही नाही. अमेरिकेत किंवा युरोपात टर्मिनलच्या दारात सहसा कुणी तिकीट विचारत नाही. सोडायला येणाराही आत जाऊ शकतो. खरी तपासणी पुढे होते.

आपल्याकडेही काही गोष्टी कमी झाल्या आहेत. पूर्वी हातातल्या प्रत्येक पिशवीला चिठ्ठी लावून त्यावर शिक्का घ्यावा लागायचा. शिक्का राहिला की माणूस गेटवरून परत पाठवला जायचा. एप्रिल 2017 पासून मुंबई-दिल्लीसह सात मोठ्या विमानतळांवर ही पद्धत बंद झाली, मग इतर ठिकाणीही. डिसेंबर 2022 मध्ये 'डिजीयात्रा' सुरू झाली. त्यात चेहरा पाहून दार उघडतं, कागद काढावे लागत नाहीत. मुंबई-पुण्यात ही सोय आहे. ती ऐच्छिक आहे. नको असेल तर नेहमीची रांग असतेच.

उलट कधी तपासणी वाढतेही. मे 2025 मध्ये सीमेवर तणाव असताना विमानाच्या शिडीजवळ आणखी एक तपासणी सक्तीची झाली होती आणि प्रवाशांना तीन तास आधी यायला सांगितलं होतं. 26 जानेवारी, 15 ऑगस्टच्या आसपासही जास्तीचा वेळ धरूनच निघा.

आपल्या माणसांची गाडी कुठे अडते?

नाव : सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आधारवर एक नाव, तिकिटावर दुसरं. लग्नाआधीचं-नंतरचं आडनाव, घरी हाक मारायचं नाव, इंग्रजी स्पेलिंगची चूक. तिकीट गावातल्या सेंटरवरून काढलं असेल तर तिथेच उभं राहून आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. चूक असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवा. विमानतळावर गेल्यावर वेळ उरत नाही.

दुसऱ्याच्या तिकिटावर प्रवास : रेल्वेत 24 तास आधी अर्ज करून घरच्या माणसाच्या नावावर तिकीट करता येतं. विमानात तसं चालत नाही. बाप आजारी पडला म्हणून त्याच्या तिकिटावर पोराला जाता येणार नाही.

ओळखपत्र : अस्सल पाहिजे. झेरॉक्स किंवा व्हॉट्सॲपवर आलेला आधारचा फोटो चालत नाही. आधार, मतदार कार्ड, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट यापैकी एक पुरे. एमआधार ॲपही चालतं. आई-वडिलांसोबतच्या लहान मुलांना देशातल्या प्रवासात वेगळं ओळखपत्र लागत नाही, पण मुलाचं नाव तिकिटावर असावंच लागतं.

मोबाईल : तिकीट मोबाईलवर चालतं, पण बॅटरी उतरली की सगळं अडतं. वीस रुपयांची प्रिंट खिशात ठेवा.

खिसे आणि पिशवी : आडकित्ता, चाकू, विळा, कात्री हातातल्या पिशवीत नको. मोठ्या बॅगेत टाका. माचिस-लायटर घरीच ठेवा. पॉवर बँक मात्र हातातच ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही. तंबाखूची डबी, नाणी, कडं, पट्टा आधीच काढून ट्रेमध्ये ठेवा.

तब्येत : छातीत पेसमेकर असेल तर मशीनखालून जायच्या आधी जवानाला सांगा. महिलांची तपासणी महिला जवानच पडद्याआड करतात. चालता येत नसेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच कंपनीकडे मागून ठेवा.

वेळ : विमान सुटायच्या साधारण तासभर आधी काउंटर बंद होतो आणि 20-25 मिनिटं आधी गेट. त्यानंतर हातापाया पडूनही उपयोग नाही. बऱ्याच विमानतळांवर नावाने पुकारत नाहीत, म्हणून फलकावर लक्ष ठेवा. दोन तास आधी दारात पोहोचायचं, या हिशेबाने गाव सोडा. वणी, पुसद, आर्णीवाल्यांनी सकाळचं विमान असेल तर आदल्या रात्रीच नागपूर गाठलेलं बरं.

आणखी एक. तपासणीच्या रांगेत कुणालाही पैसे द्यायचे नसतात. सुरक्षेचं शुल्क तिकिटाच्या किमतीतच धरलेलं असतं. "लवकर आत सोडतो" म्हणून कुणी पैसे किंवा मोबाईलवरचा ओटीपी मागितला तर सरळ जवळच्या जवानाला सांगा.

आणि तिकीट-आधार पहिल्या दारात दाखवून झालं की बॅगेच्या तळाशी टाकू नका. विमानातल्या खुर्चीत बसेपर्यंत हाताशीच असू द्या. ते पुन्हा मागणार आहेतच.