ब्रेकच्या चकतीला धातू कोणता?

वाचकहो, आपल्या मॉरिशसमध्ये मेट्रो धावते. कुवेतमध्ये मात्र अजून रेल्वे नाही. तेथील खैतान भागात राहणारे आपले मराठी बांधव रजेवर गावी आले की कोकणची गाडी धरतात. ती थांबते कशी, हे आम्ही आज सांगतो.

गाडीचा वेग दुप्पट झाला की थांबवताना चौपट उष्णता निर्माण होते. भारतातील एलएचबी डब्यांत प्रत्येक आसावर ती सोसणाऱ्या दोन चकत्या असतात. त्या बिडाच्या. बिडातील ग्राफाइट उष्णता झटपट पसरवते, शिवाय बीड स्वस्त. पण वारंवार तापून-निवून त्याला तडे जातात. म्हणून जपानच्या शिंकान्सेनला घडीव पोलाद वापरतात. ॲल्युमिनियम हलके खरे, परंतु ६६० अंशांवर वितळते.

सर्वगुणसंपन्न धातू नाहीच. निवडताना प्रवाशांचा जीव आधी, किंमत नंतर, असे आम्हांस वाटते.