सांगावें, पण कोणाला ?

मुलाचें वाचन अडखळतें तें बुद्धि मंद म्हणूनच, असें नव्हे. कित्येकदां अक्षर व उच्चार यांची सांगड घालतांना त्याला अधिक श्रम पडतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमानें ही 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' मान्य केली आहे. तरीहि आमच्या अमरावती-अकोल्याकडील सुशिक्षित घरांतून तिचें प्रमाणपत्र कपाटांत कुलूपबंद राहतें. पुढें सोयरिकीच्या वेळीं गोष्ट निघेल, ही धास्ती !

ती अगदींच निराधार नाहीं. पण या मौनाची किंमत मूल भरतें. दहावीच्या परीक्षेंत अधिक वेळ किंवा लेखनिक हवा, तर शाळेमार्फत अमरावतीच्या विभागीय मंडळाकडे अर्ज जावा लागतो. अकोल्याच्या मुलांचाहि मार्ग तोच. तेव्हां मुख्याध्यापकांस सांगणें प्राप्तच आहे. आत्या-मावशांस आणि शिकवणीच्या सोबत्यांस सांगणें मात्र मुळींच प्राप्त नाहीं. अर्ज देतांनाच, हा विषय शिक्षकांच्या खोलींत चघळला जाऊं नये, अशी लेखी विनंती करावी. भर वर्गांत 'सवलतवाला' म्हणून हांक मारणारे गुरुजी अजून आहेत.

आणि ज्याची ही गोष्ट, त्यालाच ती सर्वांच्या शेवटीं कळावी, हें तर विपरीतच. आधीं त्याला सांगावें. आणखी कोणास कळावें, हेंहि त्यालाच विचारावें. उद्यां नोकरीच्या अर्जांतील तो रकाना भरावा कीं कोरा ठेवावा, हें त्याचें त्यालाच ठरवावयाचें आहे.