‘काय’ म्हटलं की ‘गाय’ ऐकू येतं

घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढून टाकलं तरी जीभ, ओठ, दात, टाळू जागच्या जागी असतात. जातो तो मूळ आवाज, ज्याला हे अवयव शब्दाचा आकार देतात. श्वासाची वाटही बदलते. तो मानेवर केलेल्या छिद्रातून चालतो, तोंडाशी त्याचा संबंध उरत नाही.

हा मूळ आवाज बाहेरून पुरवण्याचा साधा उपाय म्हणजे इलेक्ट्रोलॅरिंक्स. टॉर्चसारखं हे बॅटरीचं यंत्र हनुवटीखाली टेकवून बटण दाबलं की घसा गुणगुणू लागतो आणि तोंड त्या गुणगुणीचे शब्द करतं. सूर एकच, तो सवयीने चालून जातो. खरी अडचण व्यंजनांची आहे. क, त, प म्हणताना आपले स्वरतंतू क्षणभर थांबतात. ग, द, ब म्हणताना थरथरतात. यंत्र मात्र बटण सोडेपर्यंत थरथरतच राहतं. मग ‘काय’ची ‘गाय’ होते, ‘तार’चं ‘दार’. ख, थ, फ यांना लागणारा श्वासाचा झोत तर तोंडात पोचतच नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या मोंढ्यात हळदीचा भाव सांगताना संदर्भावर निभावून जातं. फोनवर अनोळखी माणसाला गावाचं नाव सांगताना पंचाईत होते.

अमेरिकेत एरिक ब्लॉम आणि मार्क सिंगर यांनी १९८० च्या सुमारास सिलिकॉनची झडप पुढे आणली. ती श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत बसते. छिद्र बोटाने झाकलं की फुप्फुसातली हवा अन्ननलिकेत शिरते, तिथला भाग थरथरतो आणि माणूस स्वतःच्याच श्वासावर बोलतो. परदेशी झडपा महाग म्हणून बेंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी स्वस्त झडप तयार केली. पण किंमत हा अर्धाच प्रश्न. काही महिन्यांत बुरशी धरून झडप गळते, चहाच्या घोटाला ठसका लागतो आणि ती बदलायला तज्ज्ञ लागतो. शासकीय कर्करोग रुग्णालय छत्रपती संभाजीनगरला, हिंगोलीपासून दोनशे किलोमीटरहून लांब. हिंगोली जिल्ह्यातल्याच सेनगावच्या रुग्णाला झडप बसवली तरी खिशात ते गुणगुणणारं यंत्र असायलाच हवं, असं मला वाटतं.

मोबाइलही टाइप केलेलं मराठी बोलून दाखवतो. लिहिता न येणाऱ्याला आयआयटी मुंबईच्या ‘जेलो’ अॅपमध्ये चित्रावर बोट ठेवता येतं. तिथे ‘तार’ आणि ‘दार’ यांची गल्लत नाही. मात्र ‘तो जात आहे’ मधला ‘जात’ आणि दाखल्यावरची ‘जात’ लिहायला सारखी, उच्चाराला वेगळी. तिथे संगणक चुकू शकतो. शिवाय टाइप करेपर्यंत समोरचे पुढच्या विषयावर गेलेले असतात.