धबधब्याचे शब्द आणि धोक्याच्या सूचना

‘धबधबा’ हा शब्द अनुकरणवाचक आहे. ‘खळखळ’, ‘झुळझुळ’ यांप्रमाणेच तो पाण्याच्या आवाजावरून बनला. दुरून कानी पडणारा घोष तेवढा त्यात आला; पाणी पडते तेथे खाली काय आहे, याविषयी तो शब्द काहीच सांगत नाही. पावसाळ्यात नाशिकहून दुगारवाडी वा सोमेश्वर येथे जाणारा पर्यटक बहुधा हा एकच शब्द बरोबर घेऊन जातो. पाण्याच्या काठी राहणाऱ्यांपाशी मात्र डोह, ओढ, लोंढा, उतार असे निरनिराळे शब्द असतात. त्यांचा अर्थ उमगणे हा सुरक्षिततेचाच एक भाग होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

‘डोह’ म्हणजे प्रवाहातील खोल जागा. उंचावरून पडणारे पाणी व त्यासोबतचे दगडगोटे खालचा खडक कोरीत राहतात आणि काठापासून एकदोन पावलांवरच तळ नाहीसा होतो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे ते शरीराला कमी उचलून धरते. पट्टीचा पोहणाराही तेथे असहाय होतो. ‘पाण्याला ओढ आहे’ असे कोणी म्हणतो, तेव्हा तो खोलीविषयी नव्हे, वेगाविषयी बोलत असतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. म्हणूनच गुडघाभर पाण्यातही माणसाचे पाय सुटतात.

‘लोंढा’ या शब्दात आकस्मिकता अभिप्रेत आहे. वर डोंगरावर कोसळलेला पाऊस खाली दरीत दिसत नाही. दिसते ते काही वेळाने आलेले पाणी. ऑगस्ट २०२२ मध्ये त्र्यंबकेश्वरजवळील दुगारवाडी येथे असेच पाणी वाढून वीसहून अधिक पर्यटक अडकले. त्यांपैकी एकजण वाहून गेला. पाणी गढूळ होणे, पालापाचोळा व काटक्या वाहून येणे, आवाज बदलणे ही लोंढ्याची पूर्वचिन्हे होत. ती दिसताच सामान गोळा करण्यात वेळ न दवडता उंच जागी जावे. वाट पाण्याखाली गेली असल्यास ओलांडण्याचे धाडस न करता थांबावे. ‘उतार’ या शब्दाचे दोन अर्थ येथे एकत्र येतात: नदी ओलांडण्याजोगी जागा आणि पूर ओसरणे. पुराला उतार पडल्यावाचून नदीला उतार मिळत नाही.

नाशिक शहरात गोदावरीच्या पुराचे माप दुतोंड्या मारुती हे आहे. पाणी मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, एवढे सांगितले की आकड्यांवाचून सर्वांना बोध होतो. धबधब्यापाशी असे सर्वमान्य माप नसते. सोमेश्वर येथे तर वरच्या अंगाला गंगापूर धरण असल्याने आकाश निरभ्र असतानाही विसर्गामुळे पाणी वाढू शकते. जाण्यापूर्वी विसर्गाची चौकशी करणे तेथे म्हणूनच अगत्याचे ठरते.

आता सूचनाफलकांच्या भाषेकडे वळू. ‘धोकादायक क्षेत्र’, ‘पाण्यात उतरण्यास सक्त मनाई’ अशी वाक्ये निषेध करतात, पण कारण सांगत नाहीत. धोका कोठे आहे व तो कसा ओळखावा, हे त्यांतून कळत नाही. ‘या खडकापुढे डोह आहे’, ‘पाणी गढूळ दिसताच वर या’ ही वाक्ये साधी असली तरी वाचणाऱ्याला कृती सुचवितात. फलक लिहिताना स्थानिकांचे शब्द विचारून घ्यावेत, म्हणजे त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभवही त्यात उतरेल. मनाई असेल तेथे ती पाळावी, हे सांगणे न लगे.

जबाबदारीचा प्रश्नही शब्दाशी निगडित आहे. पर्यटक ज्याला प्रेक्षणीय स्थळ म्हणतो, तोच प्रवाह खालच्या वाडीचा पाणवठा असू शकतो. ‘पाणवठा’ या शब्दात माणसांचा व गुराढोरांचा हक्क गृहीत आहे. तेथे फुटलेली बाटली टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या पाण्यात काच टाकणे होय.