विश्वामित्रीतल्या मगरी आपल्या दारात का येतात?

२०२४ च्या ऑगस्टमधला पूर आपल्यापैकी कोणीच विसरलेलं नाही. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट. त्या दिवसांत पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. घरात चिखल, वीज गेलेली, आणि त्यातच मोबाइलवर एकामागून एक मगरींची छायाचित्रं. कुठे सोसायटीच्या आवारात, कुठे रस्त्यावर, कुठे चक्क छपरावर. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वस्तीतून २४ मगरी पकडण्यात आल्या. तेव्हापासून दर पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे हाच विषय निघतो: या मगरी शहरात येतातच कशा?

खरं तर त्या बाहेरून येत नाहीत. नदीत त्या आधीपासूनच आहेत. त्यांच्या राहण्याच्या जागेत काय बदल झाला, हे पाहिलं की बाकीचं कळतं.

आधी ओळख करून घेऊ

आपल्या घरांत ‘सुसर’ आणि ‘मगर’ हे शब्द सरमिसळ वापरले जातात. लांब, निमुळत्या तोंडाची, मासे खाणारी ती सुसर. ती चंबळसारख्या नदीत आढळते. विश्वामित्रीत आहे ती रुंद जबड्याची मगर. नदी, तलाव, कालवा, डबकं, कुठेही ती जमवून घेते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिचं नाव आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण तिला आहे. गुजरातेत ती खोडियार मातेचं वाहन मानली जाते, त्यामुळे काठावरच्या गावांत तिच्याबद्दल भीतीबरोबर आदरही आहे.

नुसतं पाणी पुरत नाही

मगर म्हणजे पाण्यातला प्राणी, असं आपण धरून चालतो. पण तिचं अर्धं आयुष्य काठावर जातं. ती थंड रक्ताची असल्यामुळे हिवाळ्यात अंग तापवायला तिला उताराचा मोकळा काठ लागतो. कडक उन्हाळ्यात ती काठाच्या मातीत खोल बीळ करून आत राहते. अंडी घालायलाही तिला मातीच हवी. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मादी काठावर, पुराच्या पाण्यापासून जरा उंच जागी खड्डा करते आणि त्यात पंचवीस-तीस अंडी घालून तो बुजवते. दोनेक महिन्यांनी, पावसाळ्याच्या सुमारास, आतून पिल्लांचे आवाज येऊ लागले की ती खड्डा उकरते आणि पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेऊन सोडते.

अंड्यातून नर निघणार की मादी, हे मातीच्या उबेवर ठरतं. ३२-३३ अंशांच्या आसपास नर जास्त निघतात, त्याहून थंड मातीत माद्या. काठावरची झाडी, सावली, मातीचा ओलावा या गोष्टी म्हणूनच तिच्या दृष्टीने शोभेच्या नाहीत. पुढची पिढी त्यांवर अवलंबून आहे.

कोतरं कुठे गेली?

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून निघते, वडोदऱ्यातून वळणं घेत जाते, पुढे ढाढरला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात पोचतं. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवराचं जादा पाणीही याच नदीत येतं. नदीच्या दोन्ही अंगांना कोतरं होती, आजूबाजूला तलाव आणि सखल, पाणथळ जागा होत्या. पूर आला की पाणी आधी तिथे पसरायचं. मगरीही त्याच पाण्याबरोबर कोतरांत सरकायच्या आणि पाणी उतरलं की परतायच्या.

शहर वाढत गेलं तसा बांधकामाचा राडारोडा कोतरांत पडू लागला. काही तलाव आटले, काही बुजले, सखल जागांवर इमारती उभ्या राहिल्या. आता पुराच्या पाण्याला पसरायला जागा उरली नाही, तशीच मगरींनाही. दोघंही रस्त्यावर येतात. म्हणजे आपल्या घरात शिरलेलं पाणी आणि अंगणात आलेली मगर, या एकाच कारणाच्या दोन बाजू आहेत.

मग संख्या वाढली कशी?

हा प्रश्न रास्त आहे. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या गणनेत चारशेहून अधिक मगरी मोजल्या गेल्या. जागा कमी होते आहे, तर मगरी जास्त कशा? एक तर कायद्याने शिकार थांबली. दुसरं म्हणजे सांडपाण्यामुळे नदीत बारा महिने पाणी राहतं आणि कचऱ्यामुळे खाणंही मिळतं. पण थोड्या काठावर जास्त मगरी राहू लागल्या की आपसांत झुंजी होतात, लहान मगरींना दुसरीकडे जावं लागतं, आणि माणसाशी गाठ पडण्याचे प्रसंग वाढतात. काठावर कपडे धुणारे, गुरं पाण्यावर नेणारे यांच्यावर हल्ले झाले आहेत. तो धोका खरा आहे. मगरीच्या प्रेमापोटी तो लपवून चालणार नाही.

दुसरीकडे पूर आवरायलाच हवा. २०२५ च्या उन्हाळ्यात नदी खोल आणि रुंद करण्याचं काम झालं. अडचण अशी की नदीत यंत्रं उतरवायला कोरडा हंगाम हवा, आणि नेमका तोच मगरींच्या अंड्यांचा काळ. काम करण्याआधी घरटी आणि बिळं शोधणं, काही भाग मातीचे, उताराचे राखणं, काँक्रीटच्या उभ्या भिंती टाळणं, हे मधले मार्ग आहेत. कासवं, घोरपडी, काठावरचे पक्षी यांनाही त्याचाच आधार आहे.

आपल्या हातात काय आहे?

घराचं काम काढलं तर राडारोडा कुठे टाकला जाणार, हे कंत्राटदाराला विचारा. पुलावरून निर्माल्य, शिळं अन्न, मांसाचे तुकडे नदीत टाकू नका. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला काठावर उतरू नका. त्या काळात मादी घरट्याजवळ असते आणि चटकन अंगावर येते. आवारात मगर दिसली तर मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना आत घ्या, लांब राहा, वनखात्याला कळवा. व्हिडिओसाठी जवळ जाऊ नका.

आणि कमाटीबागेत फिरायला गेलात तर पुलावर नातवंडांना घेऊन पाच मिनिटं थांबा. हिवाळ्यातली सकाळ असेल तर काठावर ऊन खात पडलेली एखादी मगर दिसेलही. ती तिथे निवांत पडलेली आहे, तोवर आपल्या दारात येण्याचं तिला काही कारण नाही.