नागपूर लांब पडते

विदर्भातल्या आजारी माणसाची वाट ठरलेली असते. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा आणि शेवटी नागपूर. तिथे मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, किंवा मेयो रुग्णालय. दर मुक्कामाला हाती एक चिठ्ठी पडते आणि माणूस पुढे सरकतो. मेडिकलच्या आवारात पथारी टाकून बसलेल्या नातेवाइकांत गडचिरोलीची आणि मेळघाटची माणसे आजही भेटतात. तिथवर पोचले ते नशीबवान. गेल्या पन्नास वर्षांचा मागोवा घ्यायचा तो पोचू न शकलेल्यांसाठी काय झाले याचा.

शासनाचा हिशेब माणसांच्या संख्येवर चालतो. आदिवासी आणि डोंगराळ भागात ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र, २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाटीपेक्षा हा निकष सैल आहे, तरीही पुरत नाही. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात चौरस किलोमीटरला ७४ माणसे होती, नागपूर जिल्ह्यात ४७०. म्हणजे ३ हजार माणसे गोळा करायला गडचिरोलीत सरासरी ४० चौरस किलोमीटर मुलूख लागतो, आणि भामरागड-एटापल्लीच्या जंगलात याहून कितीतरी जास्त. त्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. अशा मुलखात एका नर्सबाईने किती पाडे गाठायचे?

या प्रश्नाला भिडलेली बरीच माणसे नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेली होती, याचा नागपूरकर म्हणून मला अभिमान आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी भामरागडजवळच्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यासाठी डॉ. प्रकाश आमटे शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण सोडून गेले, आणि भूलतज्ज्ञ असलेल्या डॉ. मंदाकिनी त्यांच्या सोबतीला होत्या. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे गेले, तेही मेडिकलचेच. या दवाखान्यांनी हजारो जीव वाचवले. पण दवाखाना कितीही मायेचा असला तरी आजाऱ्याला तिथवर चालत यावे लागते, नाहीतर खाटेवर घालून आणावे लागते. दोन दिवसांचे बाळ यायचेच नाही. बाळंतिणीला आणि बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचे नाही, ही रीत होती.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंगही मेडिकलचेच. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून ते परतले आणि १९८५ मध्ये त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या स्त्रियांची त्यांनी तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी कधी तपासणी झाली होती ती अवघ्या ८ टक्के स्त्रियांची. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापले आणि ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण, हा जगभरचा समज हलला. पुढे दवाखाना बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतींची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता आले पाहिजे, असे लोकांनी सांगितले. म्हणून ‘सर्च’च्या आवारात, शोधग्राममध्ये, झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले.

तरी बाळाचा प्रश्न उरलाच. १९९५-९६ या एका वर्षात ‘सर्च’कडून ३९ गावांतली ७६३ नवजात बाळे घरीच पाहिली गेली. निम्म्याहून जास्त बाळांना डॉक्टरांची गरज पडेल असा काही ना काही आजार झाला होता. उपचारासाठी नेली गेली ती १०० मागे तीनसुद्धा नव्हती. मग पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बाईला शिकवायचे ठरले. ती प्रसूतीच्या वेळी हजर राहायची. बाळ रडले नाही तर त्याला श्वास द्यायचा, वजन करायचे, ऊब द्यायची, स्तनपान सुरू करून द्यायचे, आणि नंतर महिनाभर ठरावीक दिवशी घरी जायचे. आधी जोरात रडणाऱ्या बाळाचा आवाज क्षीण झाला, त्याने दूध ओढणे सोडले, ते मलूल पडले, पोट फुगले, अंग गार लागले, अशी लक्षणे एकत्र दिसली की जंतुदोष समजायचा. आधी दवाखान्यात न्यायला सांगायचे. घरच्यांनी नाही म्हटले तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायचे.

पाचवी-दहावी शिकलेल्या बाईच्या हाती नवजात बाळ आणि सुई! वैद्यकीय वर्तुळात शंका उठल्या आणि त्या चुकीच्या नव्हत्या. म्हणूनच नोंदी काटेकोर ठेवल्या गेल्या, ४७ गावे तुलनेसाठी घेतली गेली आणि निकाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला गेला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. हजारी साठीच्या घरातला आकडा पंचविशीवर आला. यात नवे यंत्र नव्हते, नवे औषध नव्हते. होती ती गावातलीच, रात्री हाक मारली तर येणारी बाई.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ ही गावातली आरोग्य स्वयंसेविका आली. २०११ मध्ये नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचा कार्यक्रम केंद्र सरकारने देशभर स्वीकारला. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरी झाली असेल तर पहिल्याच दिवशी आणखी एक. सगळ्यांचे मिळून २५० रुपये. इंजेक्शन मात्र आशेच्या हाती दिले गेले नाही. रस्ता आहे, १०८ ची रुग्णवाहिका येते, तिथे हे ठीक आहे. पावसाळ्यातल्या भामरागडात आशेने लक्षणे ओळखायची आणि पुढे जायला वाट नाही, ही अवस्था मला मान्य नाही. जिथे रेफर करणे शक्यच नसते, तिथे नियम वेगळा हवा. या मुलखात केलेल्या प्रयोगाने हेच दाखवले होते आणि देशभर नेताना तेच मागे राहिले.

दुसरी गोष्ट मानधनाची. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या, हिवतापाचे रक्तनमुने, कोरोनात घरोघर सर्वेक्षण, असे आशेचे काम वाढतच गेले. सरकारदरबारी ती अजूनही ‘स्वयंसेविका’ आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांनी संप केला, तो मानधनवाढीसाठी. २०२४ च्या सुरुवातीला त्यांना पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले, कारण दिलेल्या शब्दाचा शासन निर्णय निघत नव्हता. मार्चमध्ये वाढ मिळाली. त्यांना शासकीय कर्मचारी म्हणून मान्यता मिळावी, ही मागणी मात्र तशीच पडून आहे.