जखम, रेशीम आणि वाढीचीं द्रव्यें



मधुमेह जडलेल्या शेतकऱ्याच्या पायांत पऱ्हाटीचा खुंट शिरला, तर तो प्रथम त्याची दखलच घेत नाहीं. कारण जखम दुखत नाहीं. साखरेनें पायाची संवेदना बोथट झालेली असते आणि रक्तहि मंद पोंचत असतें. पंधरा दिवसांत भरावयाची जखम महिनोन् महिने उघडी राहते, आणि शेवटीं बोट, क्वचित् पायहि गमवावा लागतो. अशा जखमा भरविण्याकरितां शास्त्रानें कोणती योजना केली आहे, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

जखम भरणें म्हणजे नवें मांस व नवी त्वचा तयार होणें. हें काम पेशींचें. परंतु पेशींना तसा निरोप जावा लागतो, आणि तो नेणारीं प्रथिनें शरीर स्वतःच अत्यल्प प्रमाणांत निर्माण करतें. शास्त्रज्ञ त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. आपण वाढीचीं द्रव्यें म्हणूं. स्टॅन्ले कोहेन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हां त्यांचे डोळे नेहमींपेक्षां फार लवकर उघडले. त्या अर्कांतूनच त्वचेची वाढ करणारें द्रव्य हातीं लागलें. रीता लेव्ही-मोन्ताल्चिनी व कोहेन ह्या दोघांना या विषयावरील संशोधनाबद्दल १९८६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. यावरून, जनावर आपली जखम चाटतें त्यांत कांहीं तथ्य आहे असें कोणी म्हणेल. पण म्हणून कुत्र्याला आपली जखम चाटूं देणें हा शुद्ध अविचार होय. त्याच लाळेंतून जंतू येतात, आणि रेबीजहि येतो.

द्रव्य सांपडलें, मग तें टोंचलें कीं काम झालें असें वाटेल. तसें होत नाहीं. शरीरांतील द्रव तें वाहून नेतो, जखमेंतील रस त्याचे तुकडे करतात, आणि थोड्याच वेळांत तें नाहींसें होतें. पेशींना तर निरोप कित्येक दिवस मिळत राहावयास हवा. आपल्या परभणीकडील शेतीचेंच उदाहरण घ्या. मुरमाड रानांतील पाऊस निचरून जातो. पण काळ्या भारी जमिनींत मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी, वरून थेंबहि न पडतां, कणसाला येते. पाऊस तोच, धरून ठेवणारी माती निराळी. वाढीच्या द्रव्यांना अशी माती मिळवून देणें, हाच सारा प्रश्न आहे.

ही माती शरीराला मानवणाऱ्या पदार्थांची करतात. जनावरांच्या कातड्यांत व स्नायुबंधांत असणारें कोलॅजेन, समुद्रशेवाळांतील चिकट द्रव्य, कोळंबीच्या कवचापासून काढलेला कायटोसान आणि रेशीम हे त्यांतील प्रमुख होत. यांच्या सच्छिद्र जाळ्यांत द्रव्य अडकवून ठेवावयाचें. जाळें हळूहळू विरतें, द्रव्य झिरपतें, आणि मोकळ्या जागेंत पेशी वस्ती करतात.

माती चुकली तर काय होतें, याचा धडा अमेरिकेनें घेतला. हाड वाढविणारें एक द्रव्य कोलॅजेनच्या स्पंजांत भिजवून कमरेच्या कण्यांत बसविण्यास तेथें २००२ सालीं परवानगी मिळाली. पण हा स्पंज द्रव्य फार वेळ धरून ठेवीत नाहीं. म्हणून शरीरांत स्वाभाविक असतें त्याच्या कितीतरी पट मात्रा वापरावी लागे. पुढें कांहीं शल्यवैद्यांनीं परवानगीबाहेर तें मानेच्या कण्यावर योजिलें. कित्येक रोग्यांची मान सुजली, गिळणें व श्वास घेणें कठीण झालें, आणि २००८ सालीं सरकारी खात्याला जाहीर इशारा द्यावा लागला.

आतां रेशमाकडे वळूं. मराठवाड्यांत तुतीची लागवड आपल्या परिचयाची आहे, व परभणीच्या कृषि विद्यापीठांत रेशीम-संशोधनहि चालतें. कोशाचा धागा दोन प्रथिनांचा असतो: वरचा डिंक तो सेरिसिन, आंतला बळकट गाभा तो फायब्रॉइन. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत कोश उकळले कीं डिंक सुटतो. उरलेला गाभा विशिष्ट क्षाराच्या तीव्र द्रावणांत विरघळवितात, क्षार धुऊन काढतात आणि तो द्रव गोठवून वाळवितात. म्हणजे हलका स्पंज हातीं येतो. त्याची घडण घट्ट कीं सैल ठेवावी हें करणाराच्या हातीं असल्यामुळें तो कांहीं आठवड्यांत विरावा कीं कित्येक महिने टिकावा, हेंहि ठरवितां येतें. हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत ह्या फायब्रॉइनपासून हाडाची पोकळी भरणारे सच्छिद्र सांचे बनविण्याचें काम झालें आहे. मात्र वाढीचें द्रव्य भरलेलें रेशीम अद्याप बहुतांशीं प्रयोगशाळेंतच आहे.

औषधाच्या दुकानांत आज मिळतें तें साधें रूप: हैदराबादेस भारत बायोटेक ही संस्था त्वचेची वाढ करणारें मानवी द्रव्य जंतूंकडून तयार करवून घेते आणि मधुमेही पायाच्या जखमांसाठीं तें जेलमध्यें मिसळून देते. तें पुनःपुन्हां लावावें लागतें, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून लावूं नये. जेथें कर्करोग असेल तेथें वाढीला चेतविणें धोक्याचें असतें. मेलेलें मांस काढल्यावांचून, पू थांबल्यावांचून, साखर आटोक्यांत आल्यावांचून व त्या पायावरचा भार कमी केल्यावांचून मात्र त्या जेलचा उपयोग होत नाहीं.